शिवणीतला निळा

एनेलेसीचा गणवेश मीच उसवला.
दोन्ही कुशींना बोटभर कापड दुमडून ठेवलं होतं
शिंप्यानं, चार वर्षांपूर्वी,
पोर वाढेल म्हणून.
पोर वाढली. त्यानं धरलं होतं तशी नव्हे.

टाके काढले तर आतून निघाला
गडद, कोरा निळा,
ज्यानं कधी ऊन पाहिलं नव्हतं.
बाकी सगळा झगा विटून राखेच्या रंगाला आलेला.
आता दोन्ही अंगांना उभ्या पट्ट्या दिसतात.
"लोक बघतील," ती म्हणाली.
"बघतीलच," मी म्हटलं, आणि दोरा दातानं तोडला.

आम्ही सातजणी.
शाळेच्या कागदावर आमचं नाव माता गट,
किनाऱ्यावर आम्हाला म्हणतात नाकखुपशा.
मंगळवारी उसिपा मासळी माच्यांवर पसरून झाली
की हात धुतो, तरी वास जात नाही,
आणि त्या वासासकट लोकांच्या अंगणात जाऊन बसतो.

तिचा बाप जाळं विणत होता. मान वर नाही.
"झालं ते झालं. आता कोणी पदरात घेतं का बघायचं."
मी काही बोलले नाही.
जाळ्याचं दुसरं टोक ओढून गुंता सोडवायला लागले.
तीन मंगळवार आम्ही असा गुंता सोडवला,
सरोवरावरच्या वाऱ्याबद्दल बोललो,
चाम्बो मासा आता मिळत नाही त्याबद्दल.
चौथ्या मंगळवारी त्यानं विचारलं,
"वह्या किती लागतील?"

ग्वेंगवे सरांनी हजेरीपट काढला.
तिच्या नावावर तांबडी रेघ, पट्टीनं मारलेली, सरळ.
"परत घेता येतं," ते म्हणाले, "पण इतर मुलांवर परिणाम..."
मी सातवीतून सुटलेली. इंग्रजी वाचता येत नाही मला,
हजेरीच्या खुणा येतात.
तिच्या खाली पाच ओळींवर
एका मुलाचं नाव होतं, गावात सगळ्यांना ठाऊक असलेलं.
त्याच्या पुढे हजर, हजर, हजर,
जानेवारीपासून नाताळच्या सुट्टीपर्यंत
एकही घर रिकामं नाही.
मी त्या ओळीवर बोट ठेवलं.
मासळीचा एक खवला चिकटला तिथं.
सरांनी तो नखानं काढला, बराच वेळ काढला,
मग अर्जाचा कागद दिला.

पहिल्या दिवशी गणिताच्या तासाला
बाहेर आंब्याखाली बाळ रडलं
आणि आत तिचा झगा छातीवर भिजला.
मागच्या बाकावर कोणीतरी हंबरलं, गाईसारखं.
तिनं भूगोलाची वही छातीशी धरली,
उजव्या हातानं लिहीत राहिली.
हे तिनं नाही सांगितलं मला.
वही वाळत घातली होती, तिच्यावरून कळलं.
दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही.
गुरुवारी मी झग्याच्या पुढच्या भागाला
आतून जुन्या चितेंज्याचं दुहेरी अस्तर लावून नेलं.
ती बघत राहिली, म्हणाली, गरम होईल.
होईल, म्हटलं.

माझ्याही गणवेशात होतं दुमडलेलं कापड.
आईनं त्याच्या भांडी धरायच्या चिंध्या केल्या.
तिला दोष नाही. भांडी तापलेली असायची.

बाळाचं नाव यांखो. आमच्याकडे त्याचा अर्थ, उत्तर.
कोणत्या प्रश्नाचं, ते ठेवणारीनं सांगितलेलं नाही.
मी त्याला मांडीवर घेऊन आंब्याखाली बसते,
मुंग्या झाडते, खिडकीकडे पाठ करून,
म्हणजे तिला फळ्याकडे बघता येईल.

काल मधल्या सुट्टीची घंटा झाली.
एनेलेसी दारातून सुटली
आणि धावली
दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरींकडे.
पाच-सहा पावलं.
मग आठवल्यासारखी थबकली, वळली,
झग्याची बटणं काढत माझ्याकडे आली.

यांखो पोटभर प्याला.
मी मात्र ती पाच-सहा पावलं
कोणाला न सांगता मोजत बसले आहे.
सहा होती. सहाच.